विषय: भारतातल्या स्टोअरवर न सांगता ५० हर्ट्झची युरोपियन आवृत्ती विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मागच्या महिन्यात मी तुमचं जुन्या आठ-बिट गेम्सचं कलेक्शन भारतातल्या स्टोअरवरून २,४९९ रुपयांना विकत घेतलं. याआधी तुमच्या सपोर्टला तीनदा लिहून झालंय, हे चौथं पत्र, आणि या वेळी सगळं नीट पहिल्यापासून लिहितोय, कारण आधीच्या तिन्ही वेळेला माझी तक्रार नेमकी काय आहे तेच कोणी वाचलं नाही असं मला वाटतंय.

गेम बंद पडत नाही, हँग होत नाही. गेम हळू चालतो. आणि हळू म्हणजे मला वाटतं म्हणून नाही, मी मोजलंय.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. आम्ही दोघं मिरजेत एकाच घरात वाढलो, एकाच टीव्ही गेमवर खेळलो, त्यामुळे तुमचं कलेक्शन आलं म्हटल्यावर त्याने तिकडच्या स्टोअरवरून घेतलं आणि मी इकडच्या. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला, एक दोन तीन म्हणून दोघांनी एकदम स्टार्ट दाबलं. पहिल्या स्टेजच्या अर्ध्यातच तो माझ्या पुढे निघून गेला. मला वाटलं सवय गेली असेल, परत केलं, मग तिसऱ्यांदा काही न दाबता नुसता सुरुवातीचा डेमो दोन्हीकडे चालू ठेवला, तरी तेच. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती बाजूला बसून बघत होती, ती म्हणाली बाबा काकाचा माणूस पळतोय आणि आपला चालतोय. मग मोबाईलवर स्टॉपवॉच लावून टायटल म्युझिक मोजलं. त्याच्याकडे एक आवर्तन २४ सेकंदात संपतं, माझ्याकडे जवळजवळ २९. हिशोब सरळ आहे, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते, त्याच्याकडे ६० वेळा आणि माझ्याकडे ५० वेळा, आणि ६० ला ५० केलं की २४ चे २८.८ होतात. म्हणजे मला दिलेला गेम सुमारे १७ टक्के हळू आहे.

सूरसुद्धा उतरलाय. आमच्या घरी पेटी आहे, मिरज म्हटल्यावर ते वेगळं सांगायला नको, तर भावाच्या गेमची धून काळी एकला सुरू होते आणि माझ्याकडची पांढरी एकच्याही किंचित खाली जाते. हेही का होतं ते मला माहितीये. जुन्या युरोपियन मशीनचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि जपान-अमेरिकेचा १.७९ वर, आणि आवाज प्रोसेसरच्या त्याच ठोक्यांवरून निघायचा, त्यामुळे ज्यांनी स्वर परत जुळवून दिले नाहीत त्यांचं संगीत हळू पण झालं आणि खाली पण गेलं. त्या काळात काही युरोपियन आवृत्त्यांमध्ये प्रोग्रॅमरनी मेहनत घेऊन वेग आणि संगीत दोन्ही ५० हर्ट्झला जुळवलं होतं, सगळ्याच वाईट होत्या असं मी म्हणत नाही. पण तुम्ही जी आवृत्ती या कलेक्शनमध्ये घातलीय तिच्यात ते केलेलं नाहीये, हे ऐकलं की लगेच कळतं.

आता तुमच्या उत्तरांबद्दल. पहिल्या उत्तरात केबल बदला, कॅशे क्लिअर करा, गेम परत इन्स्टॉल करा असं होतं, मी ते सगळं केलं. दुसऱ्यात लिहिलं होतं की भारत पाल रीजनमध्ये येतो म्हणून पाल व्हर्जन दिलं आहे आणि गेम डिझाइनप्रमाणेच चालतो आहे. तिसऱ्यात, दोन तासांपेक्षा जास्त खेळल्यामुळे रिफंड मिळणार नाही. अहो ते दोन तास मी तुमच्याच सांगण्यावरून इन्स्टॉल करून करून तपासण्यात घालवलेत.

त्या दुसऱ्या उत्तराचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. पाल ही जुन्या टीव्हीची पद्धत होती, ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० वेळा चित्र. १९८२ च्या एशियाडला दूरदर्शन रंगीत झालं ते पालवर झालं, बरोबर आहे. पण आज माझ्या भिंतीवर आहे तो एचडीएमआयचा टीव्ही आहे आणि तुमचं कन्सोल त्याला ६० हर्ट्झनेच सिग्नल देतंय. त्यामुळे होतं काय की सेकंदाला ५० फ्रेम ६० मध्ये बसवायच्या म्हणून दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते, आणि स्क्रीन बाजूला सरकायला लागली की दर थोड्या वेळाने चित्र अडखळतं, डोळ्याला टोचतं ते. जुन्या डबा टीव्हीवर निदान हे तरी होत नव्हतं, तो खरोखरच ५० ने चालायचा. म्हणजे जुन्या टीव्हीची अडचण पण माझ्या वाट्याला आणि नव्या टीव्हीची पण. वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन चित्र चेपलेलं दिसतं ते आणखी वेगळंच.

आणि ‘भारत पाल रीजन’ म्हणताना तुम्ही असं धरून चाललाय की आम्ही लहानपणी युरोपची आवृत्ती खेळायचो. नाही हो. आमच्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आले ते फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी गेम मशीनचे क्लोन, म्हणजे नकला होत्या, त्यांना आम्ही टीव्ही गेम म्हणायचो आणि कार्ट्रिजला कॅसेट म्हणायचो. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, परत दाबून बसवायची, आणि ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये दहा-बारा गेमच उलटसुलट यायचे. त्यात कॉन्ट्रा, मारिओ, डक हंट असायचेच. आपले टीव्ही पाल म्हणून ते क्लोन ५० वर बसवलेले होते, त्यामुळे खरं सांगायचं तर लहानपणी आम्ही खेळलो तेही मूळ वेगापेक्षा हळूच होतं. मला हे पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर कळलं, रूममेटच्या कॉम्प्युटरवर तोच गेम ६० हर्ट्झवर बघितला तेव्हा, मारिओचं संगीत एवढं तरतरीत असतं हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी समजलं. तेव्हा मनाशी ठरवलं होतं की कधीतरी हे सगळे गेम पैसे देऊन, ओरिजिनल, जसे बनवले तसे घेईन. तुमचं कलेक्शन घेताना माझ्या डोक्यात हेच होतं. लहानपणी नकली मशीनवर हळू चाललं ती मजबुरी होती. आता कंपनीकडून पूर्ण किंमत मोजून घेतलं तरी हळूच मिळावं, याला काय म्हणायचं.

मला युरोपियन आवृत्ती काढून टाका असं अजिबात म्हणायचं नाहीये, उलट ती राहिलीच पाहिजे. कॉन्ट्राचंच उदाहरण घ्या. १९८८ च्या जपानी कॅसेटमध्ये वेगळी चिप होती म्हणून स्टेजच्या आधी नकाशा दिसतो, बर्फाच्या स्टेजला बर्फ उडत असतं, अमेरिकेच्या कॅसेटमध्ये यातलं काही नाही. आणि युरोपात १९९० मध्ये तोच गेम प्रोबोटेक्टर नावाने आला, माणसांच्या जागी रोबोट घालून. आपल्याला ते विचित्र वाटतं पण तिकडच्या पोरांचं बालपण त्या रोबोटांबरोबर गेलंय, त्यांच्यासाठी तोच खरा गेम. किंवा कॉन्ट्राचाच १९९४ चा हार्ड कोअर बघा, जपानी आवृत्तीत एका लाईफमध्ये तीन मार खाता येतात आणि अमेरिकन आवृत्तीत एक लागला की मेलात. नुसत्या एवढ्या फरकाने गेम पूर्ण बदलतो, एकात शिकत शिकत पुढे जाता येतं आणि दुसऱ्यात प्रत्येक स्टेज पाठ करावी लागते. २०१९ मध्ये कॉन्ट्राचं कलेक्शन आलं त्यात रोबोटवाले गेमही होते आणि नंतर मोफत अपडेटने जपानी आवृत्त्याही दिल्या. सॉनिक सीडी हा जुना गेम २०११ मध्ये नव्या मशीनवर आणला त्यात जपानी आणि अमेरिकन दोन्ही संगीतं आहेत, मेनूत जाऊन हवं ते निवडायचं. निन्टेंडोने २०२१ मध्ये स्विच या आपल्या कन्सोलवर जुन्या निन्टेंडो ६४ चे गेम आणताना युरोपच्या ग्राहकांना आधीच जाहीर सांगितलं की सगळे गेम ६० हर्ट्झवर चालतील आणि काही गेमना मूळ पालचा पर्यायही असेल. म्हणजे हे करता येतं, आणि लोकांनी करून दाखवलंय.

तुमच्या बाबतीत तर नवीन काही बनवायचंही नाहीये. ६० हर्ट्झची आवृत्ती तुमच्याकडे तयार आहे, माझा भाऊ तीच खेळतोय. कलेक्शनचं नाव तेच, चित्र तेच. मग माझ्या मेनूत ती का नाही?

आता फसवणुकीचा मुद्दा, आणि हा शब्द मी विचार करून वापरतोय. भारतातल्या स्टोअरच्या पानावर तुम्ही जे स्क्रीनशॉट लावलेत त्यात पूर्ण स्क्रीन भरलेली दिसते, काळ्या पट्ट्या नाहीत. ट्रेलर मी भावाच्या गेमबरोबर लावून बघितला, वेग तंतोतंत त्याच्याशी जुळतो. एका स्क्रीनशॉटमध्ये तर सेव्ह करायचे तीन स्लॉट दिसतात, ते फक्त जपानच्या डिस्कवरच्या आवृत्तीत होते, मला मिळालेल्या गेममध्ये लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा लागतो. म्हणजे पानावर अमेरिका-जपानच्या आवृत्त्यांची जाहिरात आणि हातात युरोपची, सगळ्यात कमी प्रतीची. आणि ‘५० हर्ट्झ’ किंवा ‘युरोपियन आवृत्ती’ हे शब्द पूर्ण पानावर कुठेही नाहीत, मी दोनदा वाचून काढलं, बारीक अक्षरातलं पण. खरेदीच्या दिवशीचे आणि आजचे दोन्ही दिवसांचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत, शिवाय आमच्या दोघांचे टीव्ही शेजारी शेजारी दिसतील असा ४ मिनिटांचा व्हिडिओ पण आहे. तो कृपया एकदा तरी पूर्ण बघा.

माझी मागणी अशी आहे की भारतातल्या ग्राहकांना ६० हर्ट्झची आवृत्ती अपडेटमधून मोफत द्या, युरोपियन आवृत्ती पर्याय म्हणून राहू दे. ते जमणार नसेल तर माझे २,४९९ रुपये परत करा, ज्या खात्यातून घेतले त्यातच, स्टोअरचं क्रेडिट नको. आणि दोन्हीपैकी काहीही केलंत तरी स्टोअरच्या पानावर कुठल्या गेमची कुठली आवृत्ती आणि किती हर्ट्झची ते आजच लिहा, कारण दिवाळी तोंडावर आलीय आणि माझ्यासारखे बरेच जण मुलांसाठी घेतील.

हे पत्र तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांनाही पाठवतोय. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला पाहिजे. तसं झालं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आणि तिथेही काही झालं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तिथे जायची मला हौस नाही. मला गेम हवाय. मुलीला मी अजून दुसरी स्टेज खेळू दिलेली नाही, चुकीच्या वेगाची सवय तिच्या बोटांना लागायला नको म्हणून, आणि ती रोज संध्याकाळी विचारते की अपडेट आला का.

कळावे,
आपला ग्राहक,
मिरज

सोबत: बिलाची प्रत, स्टोअरच्या पानाचे स्क्रीनशॉट, तुलनेचा व्हिडिओ, तुमची आधीची तीन उत्तरं