रंकाळ्याच्या केंदाळवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही महिनाभर आमच्याशी बोलणार नाही, हे ठाऊक आहे. पण कोल्हापूरच्या या रंकाळा तळ्यावर संध्यामठापासून तांबट कमानीपर्यंत पहाटे फिरायला येणाऱ्या कुणालाही "केंदाळवाले काका" म्हटलं की तो तुमच्याकडंच बोट दाखवतो. पत्र पोचायची काळजी नाही.

पेठेतल्या आमच्या अख्ख्या पिढीला पोहायला रंकाळ्यानं शिकवलं, आणि पाण्यात ढकलायचं काम तुम्ही केलं. पाठीला पत्र्याचा डबा, कमरेला दोरी, आणि वरून तुमचा आवाज, "पाय मार रे, पाय!" पलीकडं म्हशी निवांत डुंबत असायच्या. धुण्याच्या चावीवर बायकांच्या गप्पा धुण्यापेक्षा जास्त चालायच्या. आजी काठावरच्या देवळातल्या नंदीची गोष्ट सांगायची, की तो रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्याला टेकेल त्या दिवशी प्रलय. मी हिशोब घालत बसायचो, आपल्या हयातीत टेकतोय का ते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की संध्यामठाचे दगडी खांब उघडे पडायचे आणि आम्ही थेट आत जाऊन बसायचो. पाहुण्यांना लोक शालिनी पॅलेस दाखवतात. दाखवू देत. पेठकऱ्याचा रंकाळा म्हणजे संध्यामठ, यावर मी कुणाशीही वाद घालीन.

मग ते पाणी दिसेनासं झालं. आधी हिरवट, मग हिरवंगार, नाकाला रुमाल लावून फेरी मारायची वेळ आली. त्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय छान हिरवळ! चौपाटीवर भेळ खात सगळे हळहळायचे, "काय होतं रंकाळा!" आणि कागद तिथंच टाकून घरी जायचे. तुम्ही मात्र एका रविवारी दोरी आणि आकडा घेऊन आलात. तीन-चार टाळकी जमली होती, त्यातली दोन नुसती बघायला.

केंदाळ काढणं हे नुसतं ओढणं नव्हे, हे तुमच्याकडून कळलं. देठ फुगीर, दाबला की फट्ट वाजणारा, आत सगळी हवा. खाली मुळांचा काळा झुपका, त्यात गोगलगायी, प्लॅस्टिक, एखादी राखी. हातात घ्यावं तर निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच. काठावर ढीग घालून फोटो काढणाऱ्यांवर तुम्ही खेकसायचा, "पहिल्या पावसात परत आत जाणार हाय ते, लांब न्या!" जांभळी फुलं यायच्या आत काढायचं, कारण बी एकदा गाळात पडलं की वर्षानुवर्षं टिकून राहतं. खरंतर दर रविवारी नवी पोरं यायची आणि तुम्ही पहिल्यापासून सगळं परत सांगायचात. मला तेव्हा कंटाळा यायचा. आता नव्या पोरांना तेच मी सांगतो.

पण खरे आभार वेगळ्या गोष्टीचे मानायचेत. केंदाळ काढून आम्ही खूश झालो होतो, हार घालायच्या तयारीत होतो. तुम्ही म्हणालात, "चला, जरा चालून येऊ." आणि श्याम सोसायटीच्या नाल्यावर नेऊन उभं केलंत. मग देशमुख हॉल, सरनाईक कॉलनी, परताळा. आपल्याच घरांचं मैलापाणी, साबणाचा फेस, सगळं वाहत तळ्याकडं येतंय. केंदाळाला खत आपणच घालतोय, मग ते पुन्हा येणारच. त्या दिवसापासून तुमच्या पिशवीत आकड्याबरोबर अर्जांची फाईल आली. एका कार्यालयानं दुसरीकडं पाठवलं, दुसऱ्यानं परत पहिल्याकडं. तुम्ही तारीख-वार लिहून पोचपावती घेत राहिलात. आम्ही चिडायचो, तुम्ही चहा मागवायचात.

राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचं नाव आलं, कामं झाली, काही नाले वळवले गेले. सगळं भागलं असं मी म्हणणार नाही. जोराचा पाऊस झाला की वळवलेलं पाणीही वाट काढतं. पण आज कुठं फेस दिसला तर पेठेतलं पोरगंही विचारतं, "नाला कुठला?" ही खोड तुम्ही लावलीत.

आमची आई अजून तुमच्यावर रुसून आहे, ते मात्र खरं. घरचा गणपती रंकाळ्यात सोडायची आमची रीत, आणि तुम्ही पहिल्यांदा हात जोडून तिला इराणी खणीकडं, त्या जुन्या दगडखाणीतल्या पाण्याकडं, वळवलंत. दरवर्षी जाते, दरवर्षी तुमच्या नावानं पुटपुटते. निर्माल्य मात्र स्वतःच वेगळ्या पिशवीत बांधून नेते.

गुडघा दुखतोय असं ऐकलं. येत्या रविवारी परताळ्याच्या बाजूला जमायचंय. पाण्यात उतरायचं नाही, कट्ट्यावर बसून खेकसायचं. दोऱ्या मी आणतो.

तुमचा,
संध्यामठ गल्लीतला डबावाला पोरगा