राखणीचे महिने डिसेंबर ते मे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्ष सरत आले की निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या स्वयंसेवी मंडळींचा लेखाजोखा वर्तमानपत्रांकडे येऊ लागतो. त्यातली पहिली ओळ बहुधा ठरलेली असते : यंदा इतकी रोपे लावली. नाशिकमध्ये यंदा हा विषय अधिकच तापला. २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीत तपोवनातली झाडे तोडण्यावरून शहर ढवळून निघाले आणि तोडलेल्या झाडामागे नवी किती लावायची, याचे आकडे जो तो सांगू लागला. जुलैत लावलेल्या रोपांचा आकडा त्या महिन्यापुरता खरा असतो. रोप जगले की गेले हे मे महिन्यात कळते आणि त्याचा निकाल डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत लागतो. नेमक्या याच सहा महिन्यांत डोंगरावर हात कमी पडतात. म्हणून लावलेल्या रोपांची संख्या न देता पुढच्या सहा महिन्यांत कोणते काम कसे करायचे, ते आम्ही काही स्वयंसेवक वाचकांपुढे ठेवत आहोत.

सुरुवात वणव्यापासून, कारण वेळ त्यालाच सर्वांत कमी उरला आहे. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानते. पण रामशेज, बोरगड, अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या उतारांवरचे कुसळी गवत जानेवारीतच वाळून कडकडीत होते. लागवडीभोवतीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, त्याआधी तयार हवी. पट्टा किमान तीन मीटर रुंद आणि मातीपर्यंत मोकळा असावा. नुसते विळ्याने गवत कापून भागत नाही. बुडखे आणि वाळका पाला खाली राहतो आणि आग त्यावरून सरपटत पलीकडे जाते. कापल्यावर फावड्याने खरवडून माती उघडी करावी लागते. सर्वांत जास्त चूक कापलेल्या गवताची होते. ते पट्ट्याच्या कडेलाच ढीग करून सोडले, तर तिथूनच ठिणग्या उडून पट्टा ओलांडतात. ते गवत पाड्यावरच्या लोकांना नेऊ द्यावे. जनावरांना चारा होतो आणि त्या लागवडीवर त्यांचीही नजर राहते. पट्टा डोंगराच्या उतारावर सरळ वरून खाली काढू नये, पहिल्याच पावसात त्याची घळ होते. तिरपा काढावा आणि मध्ये मध्ये दगडांचे आडवे बांध घालावेत. वनजमिनीवर हे काम वनखाते आणि गावची संयुक्त वन व्यवस्थापन समिती यांना बरोबर घेऊनच करायचे. पट्टा जाळून काढायचा असेल तर ते काम वनखात्याच्याच माणसांचे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात परवानगीशिवाय आग लावणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

रोपांच्या आळ्यात वाळक्या गवताचे आच्छादन करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. शेतात तो बरोबर आहे. डोंगरावर मात्र ओल टिकवणारे तेच गवत आग आली की रोपाचे सरण होते. तिथे बुंध्यापासून चार बोटे सोडून भोवती चपटे दगड मांडावेत. ओल तितकीच राहते, आळेही जळत नाही.

आग लागलेली दिसली तर उताराच्या वरच्या बाजूला कधीही उभे राहू नये. ज्वाळांची धग वरचे गवत आधीच तापवते, म्हणून आग चढावर पळत सुटते आणि माणसाला मागे टाकते. जळून गेलेल्या बाजूने, कडेकडेने, ओल्या फांद्यांनी झोडपत पुढे जायचे. फांदी उंचावून आपटली तर ठिणग्या उडतात, म्हणून ती दाबून खेचायची. एकट्याने जायचे नाही, नायलॉनचे कपडे घालायचे नाहीत. आधी १९२६ या वनखात्याच्या मदत क्रमांकावर फोन, मग बाकीचे.

त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा रचून जाळतात. ती शेतीची जुनी रीत आहे आणि प्रत्येक वणव्याचे खापर तिच्यावर फोडणे चुकीचे आहे. राबाभोवती तीन मीटर जागा साफ करून, वारा पडलेला असताना सकाळी भाजणी केली आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत कोणी थांबले, तर आग बांधावरून डोंगरात जात नाही. गावात हे सांगायला मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही. तोवर पालापाचोळा गोळा होऊन राब रचलेले असतात. जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यावा.

दुसरे काम घाणेरी (लॅन्टाना) या डोंगर व्यापत जाणाऱ्या परक्या झुडपाचे. कोयत्याने तोडलेली घाणेरी मरत नाही. एका बुंध्यातून पुढच्या पावसाळ्यात अनेक फुटवे येतात आणि जाळी आधीपेक्षा दाट होते. श्रमदानाच्या एका दिवसात टेकडी साफ दिसते, छायाचित्र चांगले येते आणि दोन वर्षांत तिथे शिरता येत नाही, त्याचे कारण हेच. बुंध्याभोवतीची माती उकरून अरुंद पात्याच्या टिकावाने मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचे. फुटवे खोड आणि मूळ यांच्या याच सांध्यातून येतात, म्हणून तो वर काढणे महत्त्वाचे. निघालेले झुडूप मुळे वर, शेंडा खाली असे उलटे रचून वाळवायचे. ओल्या जमिनीवर आडवे टाकले तर फांदीच्या पेरांतून मुळे सुटतात. डिसेंबरात माती अजून थोडी मऊ असते, फेब्रुवारीनंतर टिकाव उडू लागतो. फळे धरलेली झुडपे डोंगरभर ओढत नेऊ नयेत, बी सांडत जाते.

सबंध उतार एका वर्षात उघडा करू नये. घाणेरीच्या जाळीत तितर, ससे आणि सातभाई आसरा घेतात आणि उघड्या उताराची माती पहिल्या वळवात वाहून जाते. समतल रेषेत पट्टे पाडून काढावी. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात गवत पेरले नाही तर गाजरगवत किंवा पुन्हा घाणेरीच येते. पवना, डोंगरी आणि मारवेल या गवतांचे बी जवळच्याच माळावरून, पिकून हाताने सहज सुटू लागले की गोळा करायचे. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवावे. ताजे बी नीट उगवत नाही, काही महिने मुरावे लागते, म्हणून आताचे बी जूनला कामी येते. बी हलके आणि केसाळ असल्याने हाताला चिकटते आणि वाऱ्याने उडते. वाळू किंवा बारीक मातीत कालवून पेरावे आणि वर जेमतेम एक सेंटिमीटर माती सारावी. खोल गेले तर वाया जाते. पुढची दोन-तीन वर्षे पावसाळ्यात मोठ्या झाडांखाली फिरून घाणेरीची पोरे उपटायची. बुलबुल आणि साळुंक्या फळे खाऊन याच झाडांवर बसतात, बी तिथेच पडते.

गवताचे महत्त्व लागवडीच्या उत्साहात हरवते. येवल्याच्या ममदापूरचा माळ काळविटांसाठी राखीव आहे. तिथे दाट झाडी केली तर काळविटाला दूरचा धोका दिसणार नाही. अंजनेरीच्या पठारावर कातळावर वीतभर माती आहे आणि त्या मातीत सिरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाचे कंद आहेत. २००६ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेल्या या वनस्पतीच्या नावातच अंजनेरी आहे. कंद जमिनीत असल्याने कोरड्या दिवसांत वर काहीच दिसत नाही आणि मोकळी जागा समजून तिथे खड्डे घेतले जातात, तंबू ठोकले जातात. पठारावर खड्डा नको, लागवड नको. पायवाट सोडून चालणेही नको.

गिधाडांसाठीही हाच काळ नाजूक आहे. लांब चोचीचे गिधाड हिवाळ्याच्या तोंडाशी कड्यावर घरटे धरते आणि वर्षाला एकच अंडे घालते. २००८ मध्ये राज्यातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र झालेला बोरगड आणि अंजनेरी, दोन्हीकडच्या कड्यांना या पक्ष्याचा वावर आहे. खडकावर चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसले की वर घरटे असण्याची शक्यता धरावी. अशा कड्यासमोर मे अखेरपर्यंत ड्रोन उडवू नये, दोर लावून चढाई करू नये. पक्षी बिचकून उठला की अंडे उघडे पडते, आणि ते गेले तर त्या जोडीचे वर्ष गेले.

गिधाडे संपत आली ती गुरांच्या औषधामुळे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडाने खाल्ले, तर त्याचे मूत्रपिंड निकामी होऊन शरीरात युरिक आम्ल साचते. गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी तीन मिलिलिटरची करण्यात आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही गुरांसाठी बंदी आली. अ‍ॅसिक्लोफिनॅकचे जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल गिधाडांना सुरक्षित आहेत. गाय आजारी पडली की पशुवैद्यकाकडे ही नावे घेऊन आग्रह धरणे एवढे प्रत्येक पशुपालकाला जमण्यासारखे आहे. हरसूलजवळच्या खोरीपाड्यासारख्या ठिकाणी गिधाडांसाठी मेलेले जनावर द्यायचे असेल, तर शेवटच्या आजारात कोणते इंजेक्शन दिले होते ते आधी विचारावे. उत्तर मिळाले नाही तर ते जनावर पुरावे. विषबाधेने मेलेले तर कधीच ठेवू नये.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून ती दरवर्षी होते. नांदूरमध्यमेश्वर ही रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा, त्यामुळे तिथल्या नोंदींना वजन आहे. सूर्य पाठीशी राहील अशा काठावर सकाळी उभे राहायचे. एकाने मोजायचे, दुसऱ्याने लिहायचे. मोठा थवा असेल तर दहा पक्षी नीट मोजून तेवढी जागा नजरेत धरायची आणि तिच्या पटीत थवा मोजायचा. उडून दुसऱ्या तुकडीच्या हद्दीत गेलेले पक्षी दोनदा धरले जातात, म्हणून थवा उडाल्याची वेळ आणि दिशा लिहावी. पाण्याची पातळी, जलपर्णीचा विस्तार आणि गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळावरची शेती) कुठवर आली आहे, ही नोंद अनेक जण सोडून देतात. पक्षी का घटले हे पुढे याच नोंदीवरून कळते. ओळख पटली नाही तर 'अनोळखी बदक' लिहावे, अंदाजाने नाव देऊ नये.

संक्रांतीच्या मांज्याबद्दल थोडक्यात. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी येवल्यापासून नाशिकपर्यंत तो झाडांवर लटकलेला दिसतो. तो कुजत नाही आणि घुबडे, वटवाघळे अंधारात त्यात अडकतात. अडकलेला पक्षी ओढू नये. आधी अंगावर सुती कापड टाकून पंख मिटवावेत, मग दोन्ही बाजूंचा दोरा कात्रीने कापावा. मांसात रुतलेला दोरा तसाच ठेवावा. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वनखात्याला कळवावे. चोचीत पाणी, दूध घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. गोळा केलेला मांजा जाळू नये. बारीक तुकडे करून बंद बाटलीत भरून कचऱ्यात द्यावा.

शेवटी मे महिन्यातली मोजणी. रांगेतली सलग शंभर रोपे मोजावीत. वाटेकडेची मोजली तर आकडा फुगतो, कारण पाणी त्यांनाच आधी मिळते. पाने नाहीत म्हणून रोप मेले असे धरू नये, पानगळीच्या झाडांची रोपे उन्हाळ्यात काटकीसारखीच दिसतात. नखाने साल जराशी खरवडावी. आत हिरवे निघाले तर जिवंत. वर तपकिरी निघाले तर खाली बुंध्याशी पाहावे, तिथून ते पुन्हा फुटू शकते. मेलेल्याचे कारणही लिहावे : जळले, चरले, वाळले, की पिशवी न काढताच लावले होते. या शेवटच्या कारणासाठी दोन-चार मेलेली रोपे उपटून पाहावीत. मुळे पिशवीच्या आकारात गुंडाळलेली निघतात. तपोवनाच्या बदल्यात जिथे उंच रोपे लागतील, तिथे तर हे आवर्जून पाहावे लागेल. बरीच वर्षे पिशवीत राहिलेल्या उंच रोपाची मुळे हमखास वेटोळी असतात आणि लावण्यापूर्वी ती उभी चिरून मोकळी केली नाहीत, तर झाड पहिल्या जोरदार वाऱ्यात कलते.

आपल्या वृत्तपत्राने जुलैत लागवडीची छायाचित्रे जरूर छापावीत. त्याच जागांची मे महिन्यातली मोजणीही प्रत्येक लागवड करणाऱ्याकडे मागावी आणि आकडा व कारणांसह छापावी, ही विनंती.

आपले,
काही निसर्ग स्वयंसेवक, नाशिक