रक्तवाढीच्या गोळ्या अर्ध्यावर का सुटतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील रक्तक्षयावरचा लेख वाचला. ‘लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात’ एवढे सांगून लेख संपतो. पेशंटची खरी कटकट तिथून पुढे सुरू होते.

मी निवृत्त परिचारिका आहे. फेरतपासणीला आलेल्या बाईच्या पर्समधून निघालेली स्ट्रिप, त्यातल्या सुरुवातीच्या दोन-तीन गोळ्या तेवढ्या फोडलेल्या, हे नेहमीचेच. विचारले की मळमळते, तोंडाला लोखंडाची चव येते, पोट साफ होत नाही. मग आवाज खाली आणून, ‘सिस्टर, शी अगदी काळी होते हो!’ गोळीतले लोह जेमतेम थोडेसेच रक्तात जाते. बाकीचे आतड्यातच राहते आणि तिथे उपद्रव करते. काळा रंगही त्याचाच, त्याने घाबरायचे कारण नाही. मात्र शौच डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल तर तो रक्तस्राव असू शकतो; तेव्हा लगेच डॉक्टरांकडे जावे.

गोळी रिकाम्या पोटी जास्त लागू पडते, हे खरे. पण सोसत नसेल तर खाऊन घ्यावी. शोषण थोडे घटेल, पण स्ट्रिपमध्ये पडून राहिलेल्या गोळीचे शोषण शून्यच असते! चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधे मात्र तिच्यासोबत नकोत. एवढे करूनही जमत नसेल तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगावे. फेरस सल्फेटच्या ३२५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ६५ मिलिग्रॅम लोह असते; मात्रा कमी करता येते, प्रकार बदलता येतो. शिवाय एक डोस घेतला की हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि साधारण दिवसभर पुढच्या लोहाची वाट अडवते. त्यामुळे हल्ली काही डॉक्टर गोळी एक दिवसाआड देतात. गरोदर स्त्रियांनी आपल्या मनाने असा बदल करू नये.

हिमोग्लोबिन वाढले म्हणजे काम झाले, असेही नाही. शरीरातला लोहाचा साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या लागतात. एवढा काळ पोटाची कुरकुर कोण सोसेल? चिठ्ठी लिहिताना ‘शौच काळी होईल, मळमळ झाली तर मला सांगा’ एवढे सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही, तरी ते क्वचितच सांगितले जाते. पुढच्या वेळी असा लेख छापाल, तेव्हा ही माहिती चौकटीत जरूर द्यावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका