सिगारेटच्या पाकिटातला चाचा

रिचमंड, व्हर्जिनिया
१२ ऑक्टोबर

प्रिय बापू,

काडेपेट्यांचे आपले छाप वाळवीने खाल्ले हे वाचून घास उतरेना. वाफेवर धरून, नखाने सोडवलेले एकेक छाप! उतारा म्हणून सांगतो, परवा इथल्या जुन्या बाजारात मला एक कार्ड गवसलं. सिगारेटच्या पाकिटातलं, १८८८ च्या सुमाराचं. अ‍ॅलन अँड गिंटर ही तंबाखू कंपनी याच गावातली. तेव्हाची पाकिटं नुसत्या कागदाची. सिगारेटी चेंगरू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्यावर चित्रं आली, आणि संच पुरा करायच्या नादात गिऱ्हाईक तेच पाकीट पुन्हा मागू लागलं. आपलीच जात!

'पायरेट्स ऑफ द स्पॅनिश मेन', पन्नास समुद्री चाच्यांचा संच. माझ्या वाट्याला एडवर्ड टीच, म्हणजे ब्लॅकबिअर्ड. पावणेतीन इंच उंच, दीड इंच रुंद. भिंगाखाली धरलं की रंगांचे ठिपके दिसतात, मोहरीहून बारीक. पाठीवर संचाची यादी होती, पण कुणी तरी वहीत खळीने चिकटवलेलं. उपटताना निम्मी नावं गेली.

टीचच्या मागे कैद्याला फळीवरून समुद्रात ढकलण्याचा देखावा आहे. त्याने असं कुणाला चालवल्याची भरवशाची नोंदच नाही. नोंद आहे ती वेगळी. २२ नोव्हेंबर १७१८ ला, व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने धाडलेल्या मेनार्डने त्याला ओक्राकोकपाशी मारलं आणि मुंडकं गलबताच्या नाळेवरच्या काठीला टांगून आणलं. त्याच व्हर्जिनियात एकशे सत्तर वर्षांनी त्याच्या नावावर सिगारेटी खपल्या. टांगलेलं मुंडकं छापलं असतं तर कोण जमवणार होतं?

त्याच १७१८ त मुंबईकर इंग्रज कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरी किल्ल्यावर चालून गेले नि हात हलवत परतले. कान्होजींनाही ते 'पायरेट'च म्हणत. स्पॅनिश मेन म्हणजे कॅरिबियनकडचा मुलूख, म्हणून सरखेल सुटले. नाहीतर त्यांच्याही कानात बाळी घालून पाकिटात बसवलं असतं.

आता डोळा याच संचातल्या मेरी रीडवर आहे, चाच्यांमधली बाई. कार्डावर ती द्वंद्वात तलवार चालवते. खरी मात्र १७२१ त जमैकाच्या तुरुंगात तापाने गेली. हे माहीत असूनही मला कार्ड हवंच आहे. दुकानदाराने सांगितलेली किंमत आमच्या हिला कळता कामा नये.

वाचलेले छाप पत्र्याच्या डब्यात ठेव, कापूर घालून. वाघछाप राहिला का, तेवढं आधी कळव.

तुझा,
दिनू