सही चहासाठी होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर आमच्या बाजारपेठेच्या पुनर्विकासाची बातमी वाचली. 'सर्व घटकांशी सल्लामसलत पूर्ण, नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.' शेजारी रंगीत चित्र. बैठकीला ६३ नागरिक हजर होते, असेही आपल्या वार्ताहराने लिहिले आहे. त्या ६३ पैकी एक मी. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. म्हापसा, फोंडा, डिचोली, गोव्यातल्या कुठल्याही पालिकेच्या फलकावर हे पत्र चिकटवले तरी खपून जाईल. आमच्याकडची मंडळी स्वतःला बरोबर ओळखतील.

तर सही कशी झाली ते सांगतो. बैठक मंगळवारी सकाळी अकराला, दुसऱ्या मजल्यावर. बाजारात पसरा मांडून बसलेल्या माणसाने त्या वेळी वर कसे यायचे, हा प्रश्न कुणाला पडला नसावा. दारात टेबल, टेबलावर वही, वहीशेजारी चहाची किटली आणि सामोशांचे ताट. नाव, प्रभाग, मोबाइल, सही. "सही कशाला?" विचारले तर तिथला मुलगा म्हणाला, "सर, कुपनांचा हिशेब द्यावा लागतो." केली सही. चौतीस वर्षे शाळेत हजेरी घेतली, पण हजेरी म्हणजे संमती असे मला कधी वाटले नाही. नाहीतर माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरांना भूमिती आवडत होती असेच म्हणावे लागेल.

आत सादरीकरण झाले, ते सगळे इंग्रजीतून. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला मान दिला, मराठीलाही सरकारी कामात जागा दिली. पडद्यावर मात्र दोघींपैकी एकीचेही अक्षर नव्हते. बाहेरून आलेले सल्लागार सज्जन वाटले, आवाजही चांगला. 'स्ट्रीट फर्निचर' म्हणजे बाकडी, हे मला शेजारी बसलेल्या हार्डवेअरवाल्याने सांगितले. २०५० साली आपले शहर कसे दिसेल ते चित्रातून दाखवले. तेच चित्र आपण काल छापले आहे. फुगा घेतलेली मुलगी आहे, कुत्रा फिरवणारे गृहस्थ आहेत, दिव्याचे खांब आहेत. आणि जुन्या मारकेटासमोरच्या मोकळ्या जागेत पार्किंग आहे.

त्याच जागेत माटोळीचा, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांचा, बाजार भरतो, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. चवथीआधीचे चार-पाच दिवस सत्तरीतून, सांग्याकडून बायका पहिल्या बसने उतरतात. कांगलां, घागऱ्यो, फागलां, तोरिंगां, चिबूड, आंबाडे, सुपारीचे शिपटे. सगळे रानातून आणि पोफळीच्या कुळागरांतून डोक्यावर आलेले. वाळपईकडची एक म्हातारी तिथल्या पिंपळाच्या पाराला पाठ लावून बसते. निळे प्लास्टिक अंथरते, चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवते. ते धोंडेसुद्धा तिचे ठरलेले, बाजार उठला की पाराच्या मागे लपवून जाते आणि पुढच्या चवथीला तिथूनच काढते. तिच्याआधी तिची आई तिथेच बसायची. मी तिच्याकडून घेतो, कारण ती कांगलांचा झुपका सुतळीने बांधून देते, माटोळीला टांगताना एकही गळत नाही.

ती परवा भेटली. चवथ अजून लांब आहे, ती अळमी, म्हणजे रानातली अळंबी, घेऊन आली होती. (अळम्यांचा भाव लिहीत नाही, संपादकीय लिहिण्याची वेळ येईल.) तिला म्हटले, इथे पार्किंग होणार आहे. ती म्हणाली, "मागीर आमी खंय बसप?" मग आम्ही कुठे बसायचे? हाच प्रश्न मी त्या बैठकीत विचारला होता. "नोंद घेतली आहे" असे उत्तर मिळाले.

नोंद कुठे घेतली तेही पाहिले. भिंतीवर बाजाराचा मोठा नकाशा लावला होता. जे आवडले त्यावर हिरवी टिकली चिकटवायची, जे आवडले नाही त्यावर लाल. मी पार्किंगवर लाल टिकली लावली, हार्डवेअरवाल्यानेही लावली. दीडच्या सुमारास नकाशा गुंडाळला तेव्हा माझी टिकली गुंडाळणाऱ्याच्या बाहीला चिकटून जिना उतरून गेली. आता तो ६३ चा आकडा वाचल्यावर ती आठवते.

बरे, या बायका कोण, किती, कुठे बसतात हे पालिकेला ठाऊक नाही असेही नाही. सकाळी सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, वसूल करणारा पावतीबुक घेऊन एकीलाही न चुकवता फिरतो. सोपो घेताना दिसणारी बाई आराखडा काढताना दिसत नाही, हा कुठला दृष्टिदोष म्हणायचा?

माझे मेहुणे खेड्यात राहतात. रविवारी ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला घाम फोडतात, घरी येऊन आम्हाला फोन करून ते सगळे पुन्हा ऐकवतात. मला तशी सोय नाही. शहरात ग्रामसभा नसते. प्रभाग समिती म्हणावी, तर ७४ व्या घटनादुरुस्तीने ती तीन लाख वस्तीच्या पुढच्या पालिकांनाच बंधनकारक केली. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या एकाही पालिकेत एक लाख माणसे भरली नाहीत. म्हणजे आम्ही खेडूत नाही म्हणून बोलायचे नाही, आणि पुरेसे शहरी नाही म्हणूनही बोलायचे नाही. याच गोव्यात २००७ साली लोकांनी रस्त्यावर उतरून २०११ पर्यंतच्या जमीनवापराचा प्रादेशिक आराखडा रद्द करायला लावला होता. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या कृतिदलाचा मसुदा पंचायतींपर्यंत गेला, लोकांनी आपल्या वाड्यांचे नकाशे डोळ्यांनी पाहिले, चुका दाखवल्या. पुढे त्याचे काय झाले तो भाग वेगळा. पण नकाशा लोकांपर्यंत नेता येतो, एवढे तरी दिसले होते.

मारकेटाचे छप्पर गळते, गटारे तुंबतात, दुरुस्ती हवीच, मी काही जुन्याला कवटाळणारा नाही. पण पंचवीस वर्षांचा आराखडा अडीच तासांत आणि त्यातला अर्धा तास चहाला, हे काय? नकाशा मारकेटात आणून लावा, मासळीच्या बाजूला नाही तर भाजीच्या बाजूला, कोकणी-मराठीत, महिनाभर. चवथीच्या दिवसांत लावलात तर उत्तम, ज्यांना विचारायचे त्या समोरच बसलेल्या असतील.

माझी संबंधितांना विनंती एवढीच की त्या वहीतले माझे नाव खोडावे, किंवा सहीसमोर 'चहा' असे लिहावे. सामोसा मी घेतला नव्हता.

आणखी एक. मारकेटातल्या बायकांच्या शौचालयाला गेले दोन महिने कुलूप आहे. चावी कार्यालयात असते, कार्यालय दहाला उघडते, आणि त्या बायका सहाला येतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
(नाव, पत्ता वेगळ्या कागदावर. छापू नये.)