कोकणात चित्रीकरण करायचे, तर कॅमेऱ्याची निवड हवा पाहून व्हावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या मासेमारीवर, दशावतारावर, देवरायांवर आणि आंबोलीच्या जंगलावर माहितीपट करू पाहणारी तरुण मंडळी आता गावोगावी भेटतात, आणि माध्यमांचे शिक्षण देणारी इथली महाविद्यालयेही स्वतःचे कॅमेरे घेऊ लागली आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र खरेदीच्या ज्या याद्या माझ्या पाहण्यात येतात, त्यांत मेगापिक्सेल किती आणि चित्र फोर-के की एट-के एवढाच विचार केलेला असतो. तो कॅमेरा ज्या हवेत वर्षभर राहणार आहे, तिचा उल्लेखही नसतो. अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ० ते ४० अंश सेल्सियस तापमान आणि ८५ टक्क्यांपर्यंत आर्द्रता ही वापराची मर्यादा छापलेली असते, आणि पावसाळ्यात आपल्याकडची आर्द्रता कित्येक दिवस त्या आकड्याच्या खाली उतरत नाही.

आधी उष्णतेविषयी. लहान आकाराच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, आणि प्रोसेसर यांची उष्णता बाहेर पडायला कॅमेऱ्याच्या अंगाखेरीज वाट नसते. २०२० मध्ये कॅनन ईओएस आर ५ बाजारात आला, तेव्हा २३ अंश तापमानात एट-के चित्रीकरण सुमारे २० मिनिटे चालेल, असे कंपनीनेच सांगितले होते. पुढे सॉफ्टवेअर सुधारून ही मर्यादा बरीच सैल करण्यात आली, तरी मे महिन्यात बंदरावर भर उन्हात उभ्या असलेल्या काळ्या कॅमेऱ्याची स्थिती २३ अंशांच्या खोलीतल्यासारखी नसते. माहितीपटात वयस्कर माणूस बोलता बोलता तासाभराने मूळ मुद्द्यावर येतो, आणि नेमका त्याच वेळी कॅमेरा तापून बंद पडला, तर ते बोलणे पुन्हा तसे मिळत नाही. म्हणून दीर्घ मुलाखतींसाठी आत पंखा असलेला कॅमेरा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे; पॅनासॉनिक एस१एच (२०१९), सोनी एफएक्स३ (२०२१) आणि कॅनन आर५ सी (२०२२) ही त्याची उदाहरणे होत. एवढा खर्च झेपत नसेल, तर फोर-के, सेकंदाला २५ फ्रेमवर समाधान मानावे, पडदा कॅमेऱ्याच्या पाठीपासून दूर वळवून ठेवावा आणि कॅमेऱ्यावर छत्री धरावी.

‘वेदर सील्ड’ (धूळ-पाणी रोखणारा) या शब्दांवर विसंबून राहू नये, कारण ते लिहिण्यासाठी कोणतेही एक प्रमाण पाळावे लागत नाही. आयपी क्रमांक, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाची ठरलेल्या प्रमाणानुसार दिलेली श्रेणी, दिलेला असेल, तर त्याला अर्थ आहे. ओएम-१ या कॅमेऱ्याला योग्य लेन्ससह आयपी५३ हा क्रमांक मिळालेला आहे. परंतु माहितीपटवाल्यांची खरी अडचण निराळीच आहे. माइकची वायर जोडण्यासाठी बाजूचे रबरी झाकण उघडले, की पाणी आत शिरण्याची वाट मोकळी होते, आणि आपल्या कामात ते झाकण जवळजवळ सदैव उघडेच असते. त्यामुळे कॅमेरा कितीही महाग असला, तरी पावसाचे आवरण हवेच. झूम करताना लांब होणारी लेन्स प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत ओढते. तिच्याऐवजी आतल्या आत झूम होणारी किंवा स्थिर नाभीय अंतराची (झूम न होणारी) लेन्स मी सुचवेन.

आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. साध्या कंडेन्सर माइकमध्ये ओलावा शिरला, की तडतड ऐकू येऊ लागते आणि ती नंतर काढता येत नाही. सेनहायझर एमकेएच ४१६ सारखे रेडिओ-फ्रिक्वेन्सी तत्त्वावर चालणारे माइक दमट हवेत पुष्कळ अधिक भरवशाचे ठरतात. कॅमेऱ्यावर थोडे कमी खर्चून असा एक माइक घेणे मला केव्हाही पसंत पडेल.

वातानुकूलित खोलीतून पहाटे थेट जेटीवर कॅमेरा नेणे टाळावे. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव जमते, आणि खोलीतला कॅमेरा २३-२४ अंशांवर असतो. समोरची काच पुसता येते. सेन्सरवर आणि लेन्सच्या आतल्या भिंगांवर जमलेले पाणी पुसता येत नाही. खोलीतच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालून बाहेर न्यावा आणि तो कोमट होईपर्यंत अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नये. दव पिशवीच्या बाहेर बसते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र कपाटात होते. कातडी किंवा फोमच्या पेटीत पावसाळाभर बंद राहिलेली लेन्स टॉर्चच्या तिरक्या उजेडात धरून पाहावी. कडेपासून आत सरकणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी होय. ती आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप खाते. लवकर लक्षात आली तर सफाई होते, उशीर झाला तर डाग कायमचे राहतात. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारे ड्राय कॅबिनेट हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. आपल्याकडे पावसात वीज वारंवार जाते, म्हणून जोडीला हवाबंद डबे आणि ओलावा शोषणारे सिलिका जेलचे दाणेही ठेवावेत. रंग बदललेले दाणे तापवून पुन्हा वापरता येतात. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला कोणी ऐकू नये, कारण त्याची भुकटी सांध्यांत जाऊन बसते. होडीवरून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा आणि तिवईचे सांधे पुसावेत, म्हणजे मीठ साचत नाही.

महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि निविदा काढणाऱ्या शासकीय कार्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे की, कॅमेऱ्याच्या प्रत्येक मागणीपत्रात ड्राय कॅबिनेट, पावसाचे आवरण आणि दमट हवेत टिकणारा माइक यांचा समावेश सक्तीचा करावा, सलग चित्रीकरणाची चाचणी मे महिन्यात, उघड्यावर आणि खरेदीपूर्वी घ्यावी, आणि जून ते सप्टेंबर या काळात दर पंधरवड्याला प्रत्येक लेन्स टॉर्चने तपासून नोंदवहीत सही करण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी.

आपला,
एक माहितीपट छायालेखक, सावंतवाडी