खिडकीकडे वळवलेल्या खुर्चीचे ऋण

आदरणीय सर,

महाविद्यालयात आपल्याला कोणी ‘सर’ म्हणत नाही, हे मी पाहिले आहे. प्रयोगशाळा सहायकाला नुसत्या नावाने हाक मारण्याची रीत तिथे पडून गेली आहे. मी मात्र ३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे आणि शिकवणाऱ्याला काय म्हणावे, हे मला पक्के ठाऊक आहे. आपले कंत्राट संपले आणि आपण गंगाखेड सोडून गेलात, ही बातमी मला चार दिवस उशिरा कळली. निरोप देणे राहून गेले, ते मनाला फार लागले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघड लिहिते आहे, कारण आपण माझ्यासाठी जे केले ते चार लोकांना कळावे असे मला मनापासून वाटते.

माझ्या वह्यांविषयी आपल्याला सगळे माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडे सांगते. १९९४ सालापासून मी गंगाखेड, पालम, सोनपेठ आणि पूर्णा या तालुक्यांतल्या ६३ गावांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अंगणाच्या कोपऱ्यात उलटी पडली आणि ओव्या फक्त म्हाताऱ्या बायांच्या ओठांवर उरल्या. ज्यांच्याकडून मी त्या उतरवून घेतल्या त्यांच्यापैकी बहुतेक जणी आज हयात नाहीत. दोनशेपानी २७ वह्या भरल्या. निवृत्त झाल्यावर त्या मी स्वतः संगणकावर टाइप करायला घेतल्या. प्रत्येक गाणारीची प्रत्येक बैठक वेगळ्या फाइलमध्ये, पहिल्या ओळीत गावाचे नाव, दुसऱ्या ओळीत बाईचे नाव आणि खाली ओव्या, अशा १,८४६ फाइली झाल्या.

संगणक जुना होता. तो अडखळू लागला तेव्हा मी तो दुरुस्तीच्या एका दुकानात नेला. तिथल्या माणसाने मला काहीएक न विचारता त्यावरचे सगळे पुसून टाकले आणि संध्याकाळी पैसे घेताना सांगितले, की आता मशीन एकदम मोकळे झाले आहे. त्यात माझ्या तीन महिन्यांच्या टंकलेखनाच्या फाइली गेल्या. वह्या घरी होत्या म्हणून ओव्या वाचल्या, पण त्या तीन वह्या मला पुन्हा पहिल्या पानापासून टाइप कराव्या लागल्या. हे पुन्हा घडू नये म्हणून आपले आपणच शिकावे, असे ठरवून मी एका संगणक वर्गात फी भरली. तिथला शिक्षक तरुण आणि हुशार होता, पण माझा हात जरा थांबला की तो माउस आपल्या हातात घ्यायचा, दोन क्षणांत काम उरकायचा आणि ‘झालं बघा, बाई’ म्हणून पुढच्या मुलाकडे जायचा. तीन महिन्यांनी मला प्रमाणपत्र मिळाले. आले मात्र काहीच नाही. एकदा मी फाइली कशा शोधायच्या, असे विचारले, तेव्हा ‘या वयात तुम्हाला हे कशाला पाहिजे?’ असे उत्तर आले आणि वर्गातली मुले हसली. मी वर्गात कोणत्याही मुलाला असे हसू दिले नव्हते, म्हणून ते हसणे मला आजही आठवते.

त्यानंतर मी आपल्याकडे आले, तेही चुकून. भेटायचे होते प्राध्यापकांना. ते बैठकीत होते आणि प्रयोगशाळेच्या दारात उभ्या असलेल्या बाईला आपण बसायला खुर्ची दिलीत. माझे सगळे ऐकून घेतल्यावर आपण म्हणालात, ‘संगणक म्हातारा झालेला नाही, बाई. त्याच्या अंगावरचं ओझं जास्त झालंय.’ ते ओझे आपण कसे उतरवले, त्यावर संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली कशी बसवली, याच्या तपशिलात मी शिरत नाही. मला लिहायचे आहे ते आपल्या शिकवण्याविषयी.

पहिल्या दिवशी आपण मला, जिथे माउसऐवजी टाइप करून आज्ञा म्हणजे कमांड द्यायच्या, त्या काळ्या पडद्यासमोर बसवलेत आणि सर्वांत आधी ‘सीपी’ शिकवलीत, म्हणजे नक्कल करणे. माझ्या सगळ्या ओव्या पेन ड्राइव्हवर उतरवून झाल्याशिवाय दुसरी कुठलीही कमांड शिकवणार नाही, असे आपण बजावलेत. मग ‘पीडब्ल्यूडी’ आली. आपल्याकडे पीडब्ल्यूडी म्हटले की बांधकाम खाते आठवते, आणि आपण त्याचाच उपयोग करून घेतलात. ‘रस्त्याच्या कडेला त्यांचा दगड असतो ना, कुठपर्यंत आलो ते सांगणारा, तसंच हे,’ असे आपण म्हणालात, आणि तेव्हापासून कोणत्या फोल्डरमध्ये उभी आहे हे विचारल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. ‘एलएस’ने समोर काय आहे ते पाहायचे, ‘सीडी’ने दुसऱ्या फोल्डरमध्ये जायचे, ‘एमव्ही’ने फाइल हलवायची किंवा तिचे नाव बदलायचे. एवढ्या चार-पाच शब्दांवर माझा पहिला आठवडा गेला आणि आपण एकदाही घाई केली नाहीत.

आता त्या खुर्चीविषयी लिहिते. दुसऱ्या दिवशी मी टाइप करताना अडखळत होते. आपली नजर माझ्या बोटांवर होती आणि बोटे अधिकच चुकत होती. आपण काही न बोलता उठलात, आपली खुर्ची खिडकीकडे वळवलीत आणि पाठमोरे बसून बाहेरच्या लिंबाकडे पाहत राहिलात. ‘झालं की सांगा, बाई,’ एवढेच म्हणालात. मी अक्षर शोधत होते, पुसत होते, पुन्हा टाइप करत होते, आणि माझी ती धडपड कोणी पाहत नव्हते. ‘झालं’ म्हटल्यावर आपण वळायचात, पडदा वाचायचात, पुढचे सांगायचात आणि पुन्हा पाठ फिरवायचात. त्यानंतर दोन महिने ती खुर्ची तशीच राहिली. मी इतकी वर्षे शिकवले, अध्यापनाची प्रशिक्षणे घेतली आणि दिलीही, परंतु शिकणाऱ्याला चुकण्यासाठी आडोसा द्यावा, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि स्वतःलाही सुचले नव्हते.

त्या आडोशाची किंमत मला ‘आरएम’च्या, म्हणजे फाइल पुसण्याच्या कमांडच्या, दिवशी कळली. एका गावाच्या फोल्डरमध्ये ९७ फाइली होत्या आणि त्यांतल्या ‘जुनी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या काही पुसायच्या होत्या. मी ‘आरएम जुनी’ लिहिले आणि पुढे फुली (*) टाकण्याआधी चुकून एक जागा सोडली. त्या एका रिकाम्या जागेमुळे संगणकाने ‘जुनी’ ही एक वेगळी फाइल मानली आणि फुलीचा अर्थ घेतला इथले सगळे. पडद्यावर एकच ओळ उमटली, ‘जुनी’ नावाची फाइल सापडत नाही अशी. मला वाटले, काहीच घडले नाही. मग एलएस दिले. रिकाम्या फोल्डरमध्ये एलएस काही बोलत नाही, नुसती पुढची ओळ येऊन उभी राहते. मी पुन्हा एलएस दिले, पुन्हा तेच. आरएमने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, हे आपण आदल्या दिवशीच सांगितले होते. माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुकानातल्या त्या संध्याकाळीही माझे असेच झाले होते.

आपण वळला नाहीत. कळफलकाचा आवाज थांबला यावरूनच आपण काय ते ओळखले असावे. लिंबाकडे पाहत, अगदी रोजच्या आवाजात, आपण म्हणालात, ‘बाई, आता पेन ड्राइव्हमध्ये जाऊन एलएस करा.’ मी केले आणि सगळी नावे एकाखाली एक उतरत आली. त्या दुपारी केलेल्या दोन-चार दुरुस्त्या तेवढ्या गेल्या होत्या. मी डोळे पुसेपर्यंत आपण पाठमोरेच होतात. नंतर वळून फक्त म्हणालात, ‘आजपासून आरएमच्या पुढे आडवी रेघ आणि आय लावत जाऊ. पुसण्याआधी ते एकेका फाइलीला विचारेल.’ कोणाची चूक, कशी झाली, मी काय सांगितले होते, यातला एकही शब्द आपण काढला नाहीत.

पुढचे शिकणे आनंदाचे होते. पूर्वी एका लेखासाठी मला भाऊबहिणीच्या ओव्या हव्या होत्या, तेव्हा एकेक फाइल उघडून वाचण्यात चार दिवस गेले होते. फाइलींमधून शब्द शोधणाऱ्या ‘ग्रेप’ने तेच काम डोळ्याचे पाते लवण्याआधी केले आणि शब्द कोणत्या फाइलीत आहे तेही सांगितले. ही साधने कोणी केली, असे मी सारखे विचारत असे आणि आपण कधी कंटाळला नाहीत. हेलसिंकीच्या लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले, पण ग्रेपसारखी साधने त्याही आधीची, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीच्या काळातली आहेत. एका कमांडमधून निघालेला मजकूर सरळ दुसरीत सोडायचा, ही तिथल्याच डग्लस मॅकिलरॉय यांची कल्पना, आणि केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये आणली. त्यासाठी दोन कमांडच्या मध्ये टाकायच्या उभ्या रेघेला पाइप म्हणतात, असे आपण सांगितलेत तेव्हा मला घरातले दळण आठवले. सूप पाखडते, जाते दळते, चाळणी चाळते. प्रत्येकाचे काम एकच, आणि एकातून निघालेले दुसऱ्यात पडते. प्रत्येक फाइलीची पहिली ओळ ‘हेड’ने काढायची, ती ओळी क्रमाने लावणाऱ्या ‘सॉर्ट’मध्ये सोडायची, तिथून सारख्या ओळी एकत्र मोजणाऱ्या ‘युनिक’मध्ये, की कोणत्या गावाच्या किती फाइली ते समोर येते. युनिकला फक्त लागून आलेल्या सारख्या ओळीच ओळखता येतात, म्हणून आधी सॉर्ट हवे, हे मी विसरले होते आणि एकच गाव यादीत अकरा वेळा आले होते. आपण खिडकीकडूनच म्हणालात, ‘न निवडता दळलं का, बाई?’ आणि मला चूक सापडली.

‘वऱ्हाड’ या शब्दाची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगते. लग्नाच्या ओव्या काढताना ग्रेपने १९ फाइली दाखवल्या. मला त्याहून कितीतरी जास्त आठवत होत्या. मी एक फाइल उघडून दाखवली. शब्द डोळ्यांसमोर होता आणि ग्रेपला तो दिसत नव्हता. आपण बराच वेळ पाहिलेत आणि म्हणालात, ‘मला माहीत नाही, बाई. रात्री बघतो.’ कुठल्याही जाणत्या माणसाने मला त्याआधी असे सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी आपण ग्रेपला सापडलेला आणि न सापडलेला असे दोन्ही ‘वऱ्हाड’ ‘डब्ल्यूसी’ला मोजायला दिलेत. एक भरला १८ बाइटचा, दुसरा २१ चा; बाइट हे संगणकातल्या साठवणीचे माप. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. काही ओव्या मी संगणकावर टाइप केल्या होत्या, काही मोबाइलवर. एकीकडे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर पडले होते, तर दुसरीकडे साधा ‘र’, त्याचा पाय मोडणारे चिन्ह आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारे एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, आत मात्र तीन बाइटांचा फरक. मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ने आपण माझ्याकडूनच सगळ्या फाइली एका रूपात आणून घेतल्यात, आणि तेही आधी नक्कल काढल्यावर. मग १९ च्या ५२ झाल्या. माझ्या हातून हरवलेल्या ३३ बैठका त्या दिवशी परत आल्या, असे मला वाटले. ज्या बायांनी त्या गायल्या होत्या त्यांची नावे एकेक करून पडद्यावर वाचताना मी रडले, तेव्हा आपण पुन्हा लिंबाकडे वळलात.

मी मानधनाचे विचारले तेव्हा आपण चहावर भागवलेत. भर उन्हाळ्यात, वीज गेलेली असताना, कॉलेज सुटल्यावर आपण माझ्यासाठी थांबत होतात आणि त्या महिन्यांत आपला स्वतःचा पगार थकलेला होता, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळले. आपले गंगाखेड जनाबाईंचे गाव. तिच्याबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळायला बसला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जात्याला दुसरा हात लागला की दळण हलके होते, हे दळणाऱ्या बाईला ठाऊक असते, आणि तो हात लावणारा पुढे कधी त्याचा उच्चारही करत नाही. अशी माणसे आपल्या भागात आहेत, पण त्यांच्या नावापुढे कंत्राटी असे लिहिलेले असते आणि निरोप समारंभ दुसऱ्यांचेच होतात, याचे मला अतोनात वाईट वाटते.

आपली आजी सोनपेठ तालुक्यातली, असे आपण एकदा बोलता बोलता सांगितले होते आणि गावाचे नावही घेतले होते. परवा ग्रेपने ते गाव शोधले. तिथल्या १४ फाइली निघाल्या, त्यांतल्या दोन वऱ्हाडाच्या. सगळ्या मी वेगळ्या फोल्डरमध्ये नक्कल करून ठेवल्या आहेत, नावे नीट केली आहेत आणि जागा कुठेही सोडलेली नाही. त्या वेळी मी गाणारीचे नुसते नाव लिहून घेत असे, आडनाव नाही, त्यामुळे त्यांत आपली आजी आहे की नाही हे मला ओळखता येत नाही. आपल्याला ते कदाचित ओवीवरून ओळखता येईल. आपला नवा पत्ता कळवावा. पेन ड्राइव्ह पाकिटात घालून ठेवला आहे.

आपली विद्यार्थिनी,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी